सेकंदाचा साठावा भाग

रविवार, ३० ऑक्टोबर १९९४

आज आईने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. तारखेसकट कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून ही कोरी वही काढली.

दुपारी ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नीलू, बुढ़ियाचा उडतानाचा एखादा फोटो मिळेल का ग कुठे?"

बुढ़िया म्हणजे आईच्या फ्लाइंग क्लबातलं पुष्पक विमान. शेजारी शेजारी दोन माणसं बसतील एवढंच. छपरावरून आरपार गेलेला एकच लांब पंख, आणि तो कापडाचा. क्लबातली बाकीची विमानं केव्हाच पत्र्याची झाली. आई एकवीस वर्षं तिथल्या हँगरमध्ये पंखांना कापड शिवते. फासळ्यांवर कापड ताणायचं, वीतभर सुईने मेणाचा दोरा या बाजूने त्या बाजूला काढायचा, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारायची. वरून रोगण लावलं की कापड डफासारखं वाजतं. फेब्रुवारी संपला की बुढ़िया कायमची उभी राहणार. आईची नोकरीही तेव्हाच संपणार.

"फोटो कशाला? रोज तर बघतेस तिला," मी म्हटलं.

"जमिनीवर बघते."

हे खरं आहे. आपण शिवलेलं विमान उडताना आई बघत नाही. इंजिन सुरू झालं की ती धावपट्टीकडे पाठ करून स्टुलावर बसते आणि दोऱ्याला मेण लावत राहते. विमान उतरून इंजिन बंद झालं की उठते. शिकायला आलेली नवी मुलं हसतात. जुनी माणसं हसत नाहीत. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा त्याच स्टुलाशेजारी होती, कारण तेव्हा आम्ही राहायचो त्या बाजूला शाळेची बस येत नव्हती. कापडाच्या कातरणावर खडूने अक्षरं, आणि पाढे टाके मोजून. इंजिन वाजलं की मीही पाठ करून बसायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा बसतात.

"चार महिने राहिलेत. एकदा बघून घे ना डोळ्यांनी."

"नाही बघवत. फोटोत बरं असतं. फोटोत ते पडत नाही."

मी म्हटलं, मी काढीन. आमच्याकडे कॅमेरा नाही. मी आयुष्यात कधी कॅमेऱ्याचं बटण दाबलेलं नाही. 


शनिवार, ५ नोव्हेंबर

जुन्या कॅमेऱ्यांसाठी सगळे अमीनाबादच्या नफीस मियाँचं नाव सांगतात. प्रफुल्लला बरोबर नेलं. धाकटा असला तरी दुकानात त्याचं हिंदी माझ्यापेक्षा चालतं. खरं तर घरीही तो हिंदीच बोलतो. आई मराठीत ओरडते, हा "हाँ हाँ, आ रहा हूँ" म्हणतो.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. नफीस मियाँ साठीचे असतील. डोळ्यावर घड्याळजींचं भिंग.

"क्या खींचना है?"

"हवाई जहाज."

"खड़ा हुआ या उड़ता हुआ?"

"उड़ता हुआ."

"पंखे वाला या बिना पंखे का?"

पंखा म्हणजे प्रोपेलर. मला वाटलं, म्हातारे वेळ घालवताहेत. "पंखे वाला. छोटा है."

त्यांनी खालच्या फळीवरून एक रशियन कॅमेरा काढला. झेनिट. हातात घेतला तर वीट. "ये ले जाइए. और साथ में ये लंबा लेंस. दूर की चीज़ पास ले आएगा."

मी आठवडाभर लायब्ररीत बसून टिपणं काढली होती. हलणाऱ्या वस्तूसाठी कॅमेऱ्याचा पडदा कमीत कमी वेळ उघडायला हवा, नाहीतर चित्र फराटतं. झेनिटचा पडदा लवकरात लवकर सेकंदाच्या पाचशेव्या भागात मिटतो. वरच्या काचेत एक जपानी पेंटॅक्स होता, त्याचा हजाराव्या भागात. मी बोट दाखवलं.

"उससे जहाज बिल्कुल रुक जाएगा, बिटिया," ते म्हणाले. "आप रोकना चाहती हैं?"

"धुंधला नहीं आना चाहिए."

त्यांनी भिंग परत डोळ्यावर लावलं. बाहेर आल्यावर प्रफुल्ल म्हणाला, "पुराना माल चिपका रहे थे, दीदी." मलाही तसंच वाटलं. कुणाबद्दल उगाच असं वाटून घेऊ नये. पण वाटलं ते लिहिलं.


शनिवार, १२ नोव्हेंबर

पेंटॅक्स घेतला. शिकवण्यांतून साठवलेलं सगळं त्यात गेलं. लांब लेन्सपुरतं काही उरलं नाही, कॅमेऱ्यावर आहे तीच साधी लेन्स. प्रफुल्लने लगेच कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्या गच्चीवरची माकडं बघितली. "दीदी, इसमें तो जहाज मक्खी दिखेगा."

मग मक्खीच्या जवळ जावं लागेल. धावपट्टीच्या कडेपर्यंत.

कॅमेरा उशाशी ठेवलाय. चूक केली का? बाबांना विचारलं. ते रेल्वेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहेत, मोजूनमापून बोलतात. म्हणाले, "वस्तू चांगली आहे. तुझ्या कामाला चांगली आहे का, ते काम झाल्यावर कळेल." याने झोप येईल असं त्यांना का वाटलं कोण जाणे.


रविवार, २० नोव्हेंबर

धावपट्टीजवळ फोटो काढायला लेखी परवानगी लागते. अर्ज तीनदा लिहिला. पहिल्यात "माझी आई" असं होतं, ते खाजगी वाटलं. दुसऱ्यात "आपल्या संस्थेतील कर्मचारी" होतं, ते खोटं नाही पण परकं वाटलं. तिसऱ्यात दोन्ही लिहिलं. क्लबाच्या सेक्रेटरींनी शिक्का मारला आणि विचारलं, "इतना लंबा किसने लिखा है?"

प्रशिक्षक कॅप्टन नरेंद्र बाजूला उभे होते. बुढ़िया बहुतेक वेळा तेच उडवतात. म्हणाले, "चंदा दीदी की बेटी है, सर. ये लोग गिन के टाँके लगाते हैं."


रविवार, २७ नोव्हेंबर

आज मी ते पाहिलं.

मी विमानांजवळ वाढले आणि आज पहिल्यांदा पाहिलं. धावपट्टीच्या कडेच्या गवतात पांढऱ्या दगडांपाशी उभी होते, त्यापुढे जायचं नाही असं सांगितलेलं. माझ्या पाठीमागे हँगर, आणि हँगरच्या दारात आईची पाठ.

बुढ़िया गवतावरून खडखडत आली. चाकांवर ती खरंच म्हातारी दिसते, एका बाजूला झुकत, कुरकुरत. मग खडखड थांबली. एवढंच झालं. मला वाटलं होतं मोठा काही आवाज होईल, झटका बसेल. तर फक्त खडखड थांबली आणि चाकांखाली हवा दिसली. चाकं अजून गोल फिरत होती, कशालाही न टेकता.

कापड, दोरा आणि रोगण. आईच्या बोटांना ज्याचा वास येतो ते मेण.

फोटो काढायचं विसरले. ती फेरी मारून उतरायला आली तेव्हा शुद्धीवर येऊन, हजारावर काटा ठेवून, अगदी जवळून जाताना सात काढले. सातच. फिल्म उगाच उडवायची नाही.

मागे वळले तर आई स्टुलावरून उठत होती. "उतरली?" तिने विचारलं.


रविवार, ४ डिसेंबर

फोटो आले. हजरतगंजच्या लॅबमध्ये काउंटरवरच पाकीट उघडलं, माझ्यानं थांबवेना. सातांतले पाच स्वच्छ. एक तर इतका की पंखाच्या फासळ्या मोजता येतात, चाकाच्या रबरावरची अक्षरं वाचता येतात. काउंटरवरचा माणूसही म्हणाला, "वाह, मैडम, एकदम टाँग दिया आपने हवा में." मला किती आनंद झाला होता.

घरी आईने पदराला हात पुसून फोटो दोन्ही हातांत घेतला. खिडकीपाशी गेली. मग तिचा चेहरा उतरला.

"प्रोपेलर थांबलाय."

"नाही आई, तो फिरतच होता. कॅमेऱ्याचा वेग—"

"थांबलाय, नीलू. बघ ना. दोन्ही पाती दिसून राहिली. एक वर, एक खाली." तिने फोटो पलंगावर पालथा ठेवला. "इंजिन बंद पडलं की अशीच दिसतात."

मी बोलायला लागले. ती आत गेली. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या, सहा झाल्या.


मंगळवार, ६ डिसेंबर

विहारातून परत येताना बाबा माझ्याबरोबर मागे राहिले. आई आणि प्रफुल्ल पुढे. त्यांनी आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण रविवारपासून मी जेवत नव्हते हे त्यांनी पाहिलं होतं.

आई नोकरीला लागली त्या वर्षी ती सगळी उड्डाणं बघायची. दारात उभी राहून, हात डोळ्यांवर धरून. एकदा तिने शिवलेलं विमान वर असताना इंजिन बंद पडलं. प्रोपेलर थांबला. खालून दोन्ही पाती स्पष्ट दिसत होती. पायलटने विमान मटाराच्या शेतात उतरवलं. त्याचा खांदा निखळला, बाकी काही नाही. कापड कुठेही फाटलं नव्हतं, एकही टाका उसवला नव्हता. तपासणी करणाऱ्यांनी तसं लिहूनही दिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तिला वाटलं, आपण बघत होतो म्हणून झालं."

"पण त्याला काही अर्थ आहे का, बाबा?"

"नाही," बाबा म्हणाले. "तिलाही माहीत आहे."

मी तिला नेमकी तीच दोन पाती आणून दिली. इतकी स्पष्ट की तिच्या आठवणीतही तेवढी स्पष्ट नसतील.


शनिवार, १० डिसेंबर

काल कॅप्टन नरेंद्रना विचारलं, बुढ़ियाचा प्रोपेलर मिनिटाला किती फिरतो. "चढ़ते वक़्त? तेईस सौ के आसपास. क्यों, बदलना है क्या?"

घरी येऊन गणित मांडलं. मिनिटाला तेवीसशे म्हणजे सेकंदाला अडतीस फेऱ्या. पाती दोन. म्हणजे अर्धी फेरी झाली तरी पूर्ण वर्तुळ भरतं. अर्ध्या फेरीला लागतो सेकंदाचा शहात्तरावा भाग. हजाराव्या भागात पातं जागचं हलतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि मी काढले तेव्हा तर विमान उतरत होतं, इंजिन आणखी मंद. पडदा साठाव्या भागाइतका उघडा राहिला तर वर्तुळ पूर्ण होईल. विमान जिवंत दिसेल.

पण साठाव्या भागात सगळं विमानच फराटेल. न फराटण्याचा एकच मार्ग आहे. कॅमेऱ्याने त्याच्याबरोबर जायचं, त्याच्याच वेगाने. मग विमान स्थिर राहील आणि उरलेलं जग फराटेल.

हे कागदावर सुटलं तेव्हा बराच वेळ मी पेन्सिल खाली ठेवली नाही. आईने जे मागितलं त्याला हजारावा भाग नकोच होता. आणि हे कुणीतरी मला दुकानात पाय ठेवल्याबरोबर विचारलं होतं. पंखे वाला या बिना पंखे का.

आज अमीनाबादला गेले. पेंटॅक्स काउंटरवर ठेवला. 

"रुक गया ना?" नफीस मियाँ म्हणाले.

"जी. मैंने समझा था आप..."

"पुराना माल निकाल रहे हैं," त्यांनीच वाक्य पुरं केलं. "सो तो निकाल ही रहा था, बिटिया. तीन साल से पड़ा है."

पेंटॅक्सच्या बदल्यात झेनिट, लांब लेन्स आणि चार फिल्म मिळाल्या. मागे त्यांच्याबद्दल लिहिलेलं वाचलं. खोडावंसं वाटलं. पण मग ही वही कशाला लिहायची?


रविवार, १ जानेवारी १९९५

तीन आठवडे धुकं. समोरची गच्ची दिसत नाही. उड्डाणं बंद. कॅमेऱ्यात फिल्म न घालता रस्त्यावरच्या सायकली धरण्याचा सराव करते. वीट डोळ्याला लावून लावून भुवईच्या वर खूण पडली आहे. आईने त्यावर न विचारता खोबरेल लावलं.

फोटोबद्दल ती पुन्हा बोललेली नाही.


रविवार, १५ जानेवारी

नफीस मियाँ म्हणाले होते, सायकल जमिनीवरून जाते, तिचं काय कौतुक, कबूतर धरून दाखवा. आज ऊन पडलं म्हणून प्रफुल्लला घेऊन चौक भागातल्या त्यांच्या घरी गेले. गल्ली एवढी अरुंद की रिक्षा अलीकडेच सोडावी लागली. तीन मजले चढून गच्ची. गच्चीवर जाळ्यांची घरं आणि चाळीसेक कबूतरं.

त्यांनी तोंडाने एक लांब आवाज काढला. चाळीस पक्षी एकदम वर गेले. एकदम वळले. वळताना सगळ्यांची पोटं एकाच क्षणी पांढरी झाली, आणि पुढच्या क्षणी काहीच नव्हतं, आभाळाचाच रंग. मग पुन्हा पांढरी. मी कॅमेरा खाली घेतला.

"देख क्या रही हैं? पकड़िए!"

मी एका कबुतराच्या मागे कॅमेरा नेला. ते सुटलं. दुसरं सुटलं.

"पीछे मत भागिए. हाथ से नहीं, कमर से. पाँव जमा लीजिए, और जब वो आए तब तक आप चल चुकी हों."

"और बटन?"

"बटन दबा के रुकना नहीं है. सब यहीं मार खाते हैं. बटन दबा और आदमी रुक गया, जैसे काम हो गया. आप चलती रहिए."

आईही असंच सांगते, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. टाका काढल्यावर हात थांबला की दोरा सैल पडतो. गाठ बसेपर्यंत हात चालता हवा.

छत्तीस फोटो काढले. एवढे एका दिवसात! खाली त्यांच्या बेगमसाहेबांनी काश्मिरी चहा दिला, गुलाबी. प्रफुल्लने दोन कप घेतले आणि मला रस्ताभर "कमर से, दीदी, कमर से" म्हणून छळलं.


रविवार, ५ फेब्रुवारी

छत्तीसांतले पस्तीस राखाडी फराटे आहेत. एकात कबुतराचा डोळा आणि चोच लख्ख, मागची जामा मशीद आडव्या रेघांत विरघळलेली, आणि पंखांच्या जागी फक्त हालचाल. हे मी काढलंय यावर विश्वास बसत नाही. रात्रीच्या जेवणाआधी तीनदा बघितलं.

पण छत्तीसांत एक. बुढ़ियाचं शेवटचं उड्डाण सव्वीस तारखेला आहे. तोवर ती उडणार नाही, तिची तपासणी चालली आहे. म्हणजे मला एकच दिवस मिळणार.


मंगळवार, १४ फेब्रुवारी

घरात काहीतरी चाललंय आणि मला कुणी सांगत नाही. परवा कॅप्टन नरेंद्र चहाला आले. यापूर्वी कधी आले नव्हते. व्हरांड्यात आईशी हळू आवाजात बोलत होते. मी गेले तर गप्प झाले. "वज़न कितना होगा आपका, दीदी?" एवढं मात्र ऐकू आलं. हे काय विचारणं झालं? मला भीती वाटते की तिची नोकरी ठरल्याआधीच संपवताहेत आणि डॉक्टरी तपासणी वगैरे कागद करताहेत.

आणि आई सलवार-कुर्ता शिवते आहे. स्वतःसाठी! जन्मभर नऊवार नाहीतर सहावार. "प्रवासात बरं असतं," म्हणाली. कुठला प्रवास? नागपूरला गावी जायचं कुणाचं काही ठरलेलं नाही. बाबांना विचारलं तर पेपर उलटा धरून वाचत होते.


रविवार, २६ फेब्रुवारी

आजच्या आज लिहिते.

पाच वाजता उड्डाण होतं. उतरतं ऊन हवं, असं मीच सांगितलं होतं. मी पांढऱ्या दगडांपाशी पाय रोवून उभी. फिल्म दोनदा तपासली. काटा साठावर. उजेड जास्त शिरू नये म्हणून लेन्सचं तोंड जवळजवळ मिटवलेलं. बाबा, प्रफुल्ल, हँगरची सगळी माणसं आली होती. आई दिसत नव्हती. मला वाटलं, आत असेल, पाठ करून.

मग हँगरमधून कॅप्टन नरेंद्र आणि त्यांच्यामागे निळ्या सलवार-कुर्त्यात आई आली. बुढ़ियापाशी थांबली. पंखाखालून हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, शिवण तपासताना जाते तशी. मग दार उघडून आत बसली.

मी पळतच गेले. "आई, तू?"

"फोटोची वाट बघत बसले असते तर झालंच असतं," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि ती हसत होती. "साहेब म्हणाले, बाहेरून बघवत नाही तर आत बसा. आत बसलं की दिसत नाही पडताना."

"दीदी, ऐसी बातें मत कीजिए, मुझे भी डर लगता है," कॅप्टन नरेंद्र म्हणाले. "बेटा, दो चक्कर तुम्हारे सामने से काटूँगा, नीचे. तैयार रहना."

मी दगडांपाशी परत आले. इंजिन सुरू झालं. खडखड. मग खडखड थांबली.

त्या क्षणी मला पाठ फिरवावीशी वाटली. मनापासून. कॅमेरा गवतात ठेवून खाली बसावं, गवताची पाती मोजावीत आणि इंजिन बंद झाल्यावर कुणाला तरी विचारावं, उतरली? एकवीस वर्षं आई काय करत होती ते मला आजवर माहीत होतं. आज कळलं.

पण मी बघितलं नाही तर आईसाठी कुणीच बघणार नव्हतं. तिने मागितलं होतं.

ती डावीकडून आली, कडुनिंबांच्या शेंड्यांवरून. उन्हात पिवळी. मी कमरेतून वळायला लागले, ती येण्याआधीच. काचेत ती मोठी होत गेली. बटण दाबलं आणि सगळं काळं झालं.

हे मला माहीत होतं. या कॅमेऱ्यात आपण आरशातून बघतो, आणि फोटो निघताना आरसा वर उचलला जातो. तेवढा वेळ डोळ्याला काही दिसत नाही. कबुतरांच्या वेळी ते जाणवलंही नव्हतं. आज दर वेळी आई नाहीशी झाली. काळोख, आणि त्यातही मी वळत राहिले. ती तिथे आहे असं धरून. मग आरसा पडला आणि ती होती. पुन्हा बटण. पुन्हा काळोख. पुन्हा ती.

दोन चक्कर आणि एक उतरणं. छत्तीस.

उतरल्यावर आई पटकन खाली आली नाही. दाराशी गेले तर ती मान मागे टाकून वर बघत होती.

"कापड फुगतं ग," ती म्हणाली. "वर गेल्यावर. इथे आपण एवढं ताणून, सपाट करून बसवतो, आणि वर गेलं की प्रत्येक दोन फासळ्यांच्या मध्ये ते उचलतं. पोट भरल्यासारखं. वळताना पंख तिरपा झाला की त्यावर ऊन पडायचं, छपराच्या काचेतून वरची बाजू दिसून राहिली होती. सबंध पंख असा." तिने हाताचा तळवा किंचित उघडला. "आणि टाका तेवढा धरून ठेवतो. एकेक. मी एकवीस वर्षं शिवते, मला कुणी सांगितलंच नाही."

"हम लोगों को भी कहाँ मालूम था, दीदी," कॅप्टन नरेंद्र म्हणाले. "हम तो आगे देखते हैं."


शुक्रवार, ३ मार्च

फोटो आले. तेहतीस वाया. कुठे शेपूट कापलेलं, कुठे सगळंच फराटलेलं. दोन बरे. आणि एक.

तो मी आईला देईपर्यंत लॅबच्या पाकिटातून पुन्हा काढला नाही. काउंटरवर एकदाच भरभर चाळून तो बाजूला केला, पैसे दिले आणि घरी आले.

आई अंथरुणं आवरत होती. मंगळवारी नोकरी संपली, तिला दिवसा घरी असण्याची सवय नाही, सगळं दोनदा आवरते. मी फोटो तिच्या हातात दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. फोटोकडे बघायची हिंमत नव्हती.

तिने आधी पुढचं टोक बघितलं. मला ठाऊक होतं, आधी तेच बघेल. तिथे पाती नव्हती. तिथे एक गोल होता, पातळ, उन्हाचा.

"फिरतोय," ती म्हणाली.

मग ती खिडकीपाशी बसली. 

"मी वर असताना तू बघत होतीस?"

"हो."

"सगळा वेळ? उतरेपर्यंत?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तिने मला तसं शिकवलेलं नाही. "छत्तीस वेळा नाही दिसलीस," मी म्हटलं, आणि तिला आरशाचं सांगितलं. बटण दाबलं की काळोख होतो. फोटो निघतो तो नेमका त्या काळोखात. म्हणजे या कागदावर जे आहे, ते मी पाहिलेलंच नाही. त्याच्या आधीचं पाहिलंय आणि नंतरचं. हा साठावा भाग तेवढा पाहिलेला नाही.

आईने यावर विचार केला. एखादी नवी शिवण समजून घेताना करते तसा.

"आणि मी तर आत होते," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे आपल्या दोघींपैकी हे कुणीच नाही पाहिलं."

तिने पलंगावर सरकून मला जागा केली. मी शेजारी बसले. फोटो तिने दोघींच्या मध्ये धरला. आभाळ आणि झाडं आडव्या रेघांत वाहत होती, आणि त्यात बुढ़िया एकटी स्थिर, आमच्याकडे कललेली. तिरप्या उन्हात पंखावर फासळ्यांच्या मधोमध हलक्या सावल्या पडलेल्या, एकापुढे एक, टोकापर्यंत. कापड खरंच उचललेलं होतं. आईने बोट ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली.

प्रफुल्लने बाहेरून दोनदा हाक मारली, "अम्मा, खाना?" कुणी उठलं नाही.